उसना बेडका

मला सगळ्यात जास्त किळस येते ती माणसाच्या खाकरण्याची. आणि या कलेतला उस्ताद आमच्याच घरात राहतो: माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. फुलंब्रीकडची मेंढरं विकून तो चिकलठाण्याला बांधकामावर मजुरीला लागला आणि आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहायला आला. रोज सकाळी अंगणातल्या मोरीवर उकिडवा बसून तो पोटाच्या तळातून असा आवाज काढतो की माझा चहाचा घोट घशातच थांबतो. मग थप्प. मग तो ते निरखून बघतो. मीही बघतो, का ते मला विचारू नका. हिरवट, चिकट, मोरीच्या कडेला धरून बसलेलं. तांब्याभर पाणी ओतलं तरी हलत नाही.

"नळाच्या दिवशी तरी नको," मी एकदा म्हणालो. "सगळी गल्ली पाणी भरायला उभी असते."

"दाजी, आत ठिवून काय त्याचं लोणचं घालू?"

त्या दिवसापासून मी लोणचं सोडलं.

असा मी, आणि मलाच खोकला लागला. तीन आठवडे झाले तरी जाईना. जालन्याला दिलेल्या मुलीला सहावा महिना होता, पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे येणार होती. बायकोनं सांगून टाकलं, "तुमचा खोकला कशाचा ते कळल्याबिगर पोरीला मी या घरात आणणार नाही."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बेडका तपासायला सांगितला. तिथल्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी प्लास्टिकची डबी दिली. घरी मी पेस्टनं दात घासले आणि तोंडापुढं रुमाल धरून, अगदी सभ्यपणे डबीत थुंकलो.

ताईंनी डबी उजेडात धरली. "काका, ही थुंकी आहे. वर पेस्टचा फेस आहे. मी काय तुमचे दात तपासते? छातीतून काढा."

अपमान झाकायला मी प्रश्न विचारले. "पण आमच्यासारख्यांना टीबी होतो का? मी तर बिडीसुद्धा ओढत नाही."

"तो असलं काही विचारत नाही. आजारी माणूस खोकला की हवेत जातो. श्वास तुम्हीही घेता ना?"

"ताटवाटी वेगळी ठेवू?"

"ताटवाटीनं नाही होत. खोकताना रुमाल धरा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि उद्या डबी नीट भरून आणा."

उद्या नेमका नळाचा दिवस. अंगणाबाहेर बायाबापड्यांची रांग, आणि मी न्हाणीघराच्या दाराआड डबी घेऊन उभा. छातीतून काढायला गेलो तर मांजराच्या पिलासारखा आवाज निघाला, पाठोपाठ ओकारी आली. तेवढ्यात मोरीवर उस्तादांनी सुरुवात केली.

माझ्या डोक्यात जे आलं त्याला मी तेव्हा अक्कल समजलो. हा सिमेंटची पोती उचलतो, याला काय होणार? तपासणी साफ येईल, मुलगी घरी येईल. माझा खोकला काय, जालना रोडच्या धुळीचा.

"जरा यात टाक," मी डबी पुढं केली. "घरातल्या कुणाचाही चालतो म्हणे."

"माझा? लई मागणी आलीय की." त्यानं डबी भरून दिली. "अजून देऊ?"

ताई खूश झाल्या. "याला म्हणतात नमुना." दुसऱ्याच्या बेडक्यावर मी छाती फुगवून घरी आलो.

दोन दिवसांनी फोन आला. टीबी निघाला होता, लगेच बोलावलं होतं. बायको भिंतीला टेकून बसली. मग उठून तिनं मुलीला कळवलं, इकडं येऊ नकोस. तेव्हाच बोलायला हवं होतं. जेवायला बसलो तर मेहुण्यानं आपल्या ताटातली भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली.

"घाबरू नका दाजी. मी हाय ना. रोजाला सुट्टी टाकतो, तुमच्यासंगं येतो."

"तो बेडका माझा नाही," मी म्हणालो. "तुझा आहे."

त्यानं ताट बाजूला सारलं. "व्हय," म्हणाला. "रातच्याला अंग तापतंय लई दिवसापासून. सांगावं कुणाला? मला बघून तुम्ही तर तोंड फिरवता."

रोज सकाळी मी त्या मोरीतला रंग बघितला, चिकटपणा बघितला. त्याच्या बरगड्या वर आल्यात, पँटला सुतळी बांधावी लागते, हे नाही बघितलं. मोरीतल्या ऐवजाची जेवढी किळस आली नव्हती तेवढी त्या वेळी स्वतःची आली.

सकाळी दोघंही दवाखान्यात गेलो. ताईंनी मला असं झापलं की बाकावरचे रोगी खोकायचे थांबले. माझा खरा बेडका त्यांनी समोर उभं राहून काढून घेतला. तो साफ निघाला, खोकला धुळीचाच ठरला. मेहुण्याच्या गोळ्या सुरू झाल्या, सहा महिन्यांच्या. दोन महिन्यांनी पुन्हा तपासू, तोवर मुलीला आणू नका, असं डॉक्टर म्हणाले. आपल्यामुळं पोर अडायला नको म्हणून मेहुणा गावी निघाला होता. मी त्याची पिशवी परत वर नेऊन ठेवली आणि खोलीची खिडकी उघडली.

दोन महिन्यांनी त्याची डबी मीच नेऊन दिली. ताईंनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. "नक्की त्यांचाच ना?"

जंतू सापडले नाहीत. डॉक्टरांनी हो म्हटलं. बायको मुलीला फोनवर सांगत होती, परवा गाडी पाठवते. मी फिनेल आणि खराटा घेऊन, नाक दाबून मोरी घासायला बसलो. मला गोळ्यांनीसुद्धा न जाणारी किळस आहे. मेहुणा पायरीवर बसून बघत होता.

"कडेला घासा दाजी," तो म्हणाला. "तिथंच धरतंय ते."