सदऱ्यासमोर धरलेली बरणी

कापड रंगवायच्या कारखान्यामागे पाण्याच्या चार टाक्या होत्या आणि त्यांच्यावर सव्वीस वर्षं एका गृहस्थांचं राज्य होतं. सगळे त्यांना पारखी म्हणत. सुरुवातीला चेष्टेनं म्हणत. पुढे त्यांनीच ते मनावर घेतलं.

रंगाचं सांडपाणी आलं की चुना आणि तुरटी घालायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी कोळशाच्या थरातून गाळायचं आणि ओढ्यात सोडायचं. सोडण्याआधी पारखी काचेची बरणी भरून आपल्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यासमोर धरत. रंग दिसला, तर कोळसा दमला, तो बदलायचा. नाही दिसला, तर झडप उघडायची. रंग मोजायचं यंत्र आलं, तेव्हा त्यांनी त्यावर आपला जेवणाचा डबा ठेवला. उंची अगदी बरोबर होती.

ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांची धाकटी बहीण राहायची. विधवा बाई, तीस पांढरी बदकं पाळून अंडी विकायची. एक दिवस तिचा फोन आला.

"दादा, बदकांची पोटं निळी पडलीत रे."

"अगं, पाण्यात आकाश दिसतं, त्याची झाक असेल."

"पोटावर?"

"माझ्या टाकीतून रंग जाणं शक्य नाही. डोळे आहेत मला!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. बहिणीनं फोन ठेवला आणि पारखींना वाटलं, पटलं तिला.

आठवड्याभरानं कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाई टाकीवर आल्या. मोरीला बसवायची पांढरी फरशी त्यांच्या हातात होती. "पारखी, जरा बरणी हिच्यासमोर धरा."

पारखींनी ऐटीत धरली. पाणी निळं. त्यांनी फरशी धुतली. पाणी निळंच. सदऱ्यासमोर धरली, तर लख्ख.

"फरशीतच खोट आहे," ते म्हणाले.

बाईंनी फरशी त्यांच्या छातीला टेकवली. फरशी पांढरी होती. सदरा निळसर होता.

घरी गेल्या गेल्या त्यांनी सदरा बायकोपुढे धरला. "यात नीळ किती घालतेस?"

"दुप्पट. सदरा पिवळट दिसतो, पारखी माणसाला शोभत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना? पंधरा दिवस झाले."

पारखी पलंगावर बसले. जगाच्या पाण्यातला रंग काढायला निघालेल्या माणसाला स्वतःच्या अंगावरचा रंग दिसला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे तर दिवाच विझलेला होता आणि हे महाशय उजेड पाडत हिंडत होते. त्यांना हसू आलं. मग बदकं आठवली आणि हसू गेलं.

सकाळी कोळसा बदलायला लावून ते बहिणीकडे गेले. तिच्या खिडकीत बाटल्या रांगेनं उभ्या होत्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. पहिलीत जेमतेम निळी झाक, शेवटची चांगली निळी. पंधरा बाटल्या.

"प्रदूषण खात्याच्या कचेरीत द्यायला भरल्या होत्या," ती म्हणाली.

"मग दिल्या का नाहीस?"

"तुझी नोकरी गेली असती. म्हटलं, दादाला आज दिसेल, उद्या दिसेल. रोज एक भरून ठेवत गेले."

पारखींना तोंड वर करवेना. बदकांकडे बघावं, तर तीही निळी पोटं घेऊन समोरच उभी. त्यांनी कोपऱ्यातली पिशवी ओढली आणि ते पहिल्या तारखेपासून एकेक बाटली कागदात गुंडाळून तिच्यात ठेवायला लागले.

"कुठे नेतोस?"

"कचेरीत. आणि माझं नाव सांगणार."

बहिणीनं त्यांचा हात धरला. "दादा, नोकरी जाईल रे."

"जाऊ दे. तू पंधरा दिवस वाट पाहिलीस, आणखी किती पाहशील?" ते म्हणाले आणि शेवटची बाटली त्यांनी सदऱ्यासमोर न धरताच पिशवीत ठेवली.