सावडीतला राहिलेला फेर

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आमच्या गावातून ऊसतोडीची टोळी निघाली, तेव्हा शेजाऱ्यांनी ट्रकमध्ये चढवलेला आपला बैल खाली उतरवला. गाव शिरूर कासार तालुक्यात आहे. मी सुट्टीवर घरी होतो.

त्या बैलाचा जोडीदार आमच्या गोठ्यात असतो. आमच्याकडं एक बैल, त्यांच्याकडं एक. पेरणीला दोन्ही एका जुवाखाली येतात. आधी एकाचं रान, मग दुसऱ्याचं; ही पाळी म्हणजे फेर. मजुरी कुणी कुणाला देत नाही. याला सावड म्हणतात. माझ्या एका बातमीत हा शब्द होता. वर्तमानपत्राच्या डेस्कनं तो काढून 'सहकार्य' केलं. छापून आलेलं वाचून वडिलांनी विचारलं होतं, "सहकार्यात फेर कुणाचा राहिला, ते कसं कळतं?"

यंदा फेर आमचा राहिला. शेजाऱ्यांचं रान मुरमाड. परतीचा पाऊस थांबल्यावर तिथं लवकर वापसा आला, माती पेरण्याजोगी सुकली, आणि त्यांची ज्वारी पेरून झाली. आमची काळी जमीन ओल सोडेना. त्यातच टोळीच्या मुकादमानं ट्रक ठरल्याच्या आधी बोलावला. शेजाऱ्यांचा बैल टोळीतल्या दुसऱ्या बैलाच्या जोडीनं कारखान्यावर ऊस वाहतो. तो त्यांच्यासोबत जाणार होता. तो गेला की आमची पेरणी राहणार होती. वर्षाची भाकरी आणि बैलाचा कडबा, दोन्ही त्या ज्वारीवर.

वडील सकाळपासून बांधावर जात, मातीची मूठ दाबून बघत, घरी येत, चहा अर्धा ठेवून पुन्हा जात. ट्रक येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी न राहवून जोडी पेरणीच्या तिफणीला जुंपली. पहिल्याच तासाला, म्हणजे ओळीला, फणांत चिखल बसला. बी वरच पडलं. शेजारी पळत आले.

"नाना, पाय रुततोय अन् तिफण धरताय? ज्वारी पेरताय का भात?"

"तू तर निघाला. मी कावून थांबू?"

शेजाऱ्यांनी बैल सोडले.

घरी मी ट्रॅक्टर सांगू का, असं विचारलं.

"अन् त्याला काय सांगू?" वडील म्हणाले. "तुझा फेर नको म्हणून?"

गावात त्याचा अर्थ तोच होतो. ट्रॅक्टर आला, की सावड मोडली.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. भांडी, गोधड्या, कोंबड्या चढल्या, बैल चढला. शेजारी तेवढ्यात आमच्या रानात येऊन गेले. "मूठ दावा," ते वडिलांना म्हणाले. वडिलांनी दाबलेला गोळा खाली टाकला. तो फुटला, पण पुरता नाही.

"उद्या येतोय वापसा," शेजारी म्हणाले. परत जाऊन त्यांनी बैल उतरवला.

"आरं, तुझ्या बैलासाठी टोळी थांबवू का?" मुकादम ओरडला.

"थांबू नका. सावड राहिलीय."

मुकादमानं ड्रायव्हरला ट्रक सुरू करायला सांगितलं. तोही याच तालुक्यातला, सावड त्याला कळत होती. टोळीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. शेजाऱ्यांची बायको ट्रकमधून म्हणाली, "जाते मी पुढं. कारखान्यावर सांगते, अर्धा कोयता नानांच्या रानात ऱ्हायलाय." ट्रकमधल्या बायका हसल्या. वडील मान खाली घालून बैलाच्या गळ्यातली दोरी सोडवत होते.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर वापसा आला. तिफण शेजाऱ्यांनी धरली. वडील मागं चालत होते आणि दर वळणावर आभाळाकडं बघत होते. पेरल्यावर लगेच पाऊस पडला, तर वरची माती घट्ट होते आणि कोंब अडकतो. पश्चिमेला ढग होते. ते दोघं जेवायलाही थांबले नाहीत. शेवटचं तास दिवस मावळायच्या आधी झालं.

त्याच संध्याकाळी शेजारी बैल घेऊन भाड्याच्या टेम्पोनं निघाले. केजच्या अलीकडून त्यांचा फोन आला.

"नाना, पाऊस आला का?"

"न्हाई," वडील म्हणाले.