ब्राउन क्रीपरची साक्ष

गरुडावर आरूढ होणारे श्रीविष्णू, हंसावर विराजणारी शारदा आणि मयूरावर स्वार होणारे कार्तिकेय यांना प्रथम नमस्कार करतो. कोठेही जाण्यास वाहनाची गरज नसताना या देवतांनी पक्ष्यांच्या पाठीवर बसणे पसंत केले, म्हणून आजच्या विषयाला त्यांचेच स्मरण योग्य आहे. निमित्त जानेवारीच्या पहिल्या तारखेचे. त्या दिवशी अमेरिकेतल्या चँडलर गावातील आम्ही आठ-नऊ मराठी माणसे पक्ष्यांची नवी वही उघडतो. या वर्षी ती उघडताना मी एका माणसावर सूड उगवला. देवांना स्मरून सांगायचे असल्यामुळे या हकीकतीतून मला गैरसोयीचे असलेलेही काही वगळणार नाही.

वर्षाची वही म्हणजे काय, ते आधी सांगतो. एक जानेवारीपासून एकतीस डिसेंबरपर्यंत जितक्या जातींचे पक्षी आढळतील तितक्यांची नावे प्रत्येकाने आपल्या वहीत लिहायची. वर्ष संपले की वही मिटते, आणि काल ज्याच्याजवळ दोनशे नावे होती त्याच्याजवळही आज पहाटे एक नसते. मला या खेळात प्रथमपासून जे आवडले ते हेच. दरवर्षी नव्याने नम्र व्हावे लागते.

आमच्या मंडळाचा कारभार संगणकाच्या चिपच्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी पाहते. मुलगी म्हणतो, पण तिलाही आता पंचेचाळीस झाली. तिचा एक नियम आहे. डोळ्यांनी पाहिलेला पक्षी ज्याने-त्याने आपल्या शब्दावर लिहावा. केवळ आवाजावरून ओळखलेल्या पक्ष्याला मात्र जवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या एकाची साक्ष हवी. पहिल्या तारखेला सकाळी तळ्यावर जायचे, दुपारी तिच्या घरी मिसळ खायची आणि प्रत्येकाने आपले पहिले पान मोठ्याने वाचायचे. आवाजाचा पक्षी आला की ती विचारते, "साक्षी?" शेजारी असलेल्याने हात वर केला की नाव पक्के.

माझे बालपण संस्कृत पाठशाळेत गेले. तेथे पुस्तक उघडण्याची मुभा नव्हती. गुरुजी म्हणत, आम्ही ऐकत असू, आणि एक स्वर किंचित घसरला तरी पाठ पहिल्यापासून. पुढे रसायनशास्त्र शिकलो, अमेरिकेत आलो, प्रयोगशाळेत आयुष्य काढले. डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया झाली. कान मात्र पाठशाळेने घडवले तसेच राहिले. निवृत्तीनंतर येथील मुलांना रविवारी पठण शिकवतो, ते त्या कानांच्याच भरवशावर.

गेल्या वर्षीच्या एक जानेवारीला मी तळ्याकाठच्या कॉटनवूडच्या झाडाखाली उभा होतो. शेजारी मंडळातील निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ उभे होते. आमची ओळख तीस वर्षांची. ते मला शास्त्रीबुवा म्हणतात, मी त्यांना डॉक्टर म्हणतो. वरून एक अतिशय बारीक, केसासारखा सूर आला. ब्राउन क्रीपर. बोटाएवढा तपकिरी पक्षी, झाडाच्या सालीवरून सरकत वर चढतो आणि सालीतच मिसळून जातो. तो डोंगरातला. हिवाळ्यात आमच्या वाळवंटात उतरतो, पण क्वचित. मी बोट वर केले. डॉक्टरांनी वर पाहिले, खाली पाहिले आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला.

दुपारी मी नाव वाचले. "साक्षी?" तिने विचारले.

डॉक्टर म्हणाले, "मी ह्यांच्या शेजारीच उभा होतो. पक्षीबिक्षी काही नव्हता."

"होता, डॉक्टर. दोनदा बोलला."

"शास्त्रीबुवा, वेदात ऐकला असेल तुम्ही." लोक हसले. मग त्यांनी आवाजात तो दवाखान्यातला मऊपणा आणला. "अहो, रागावू नका. आपल्या वयात कानात शिट्ट्या वाजतात. टिनिटस म्हणतात त्याला. औषध नाही."

"काका, रुल इज रुल," ती मुलगी हळूच म्हणाली, आणि माझ्या क्रीपरवर रेघ ओढली.

एका पक्ष्याची गोष्ट असती तर मी विसरलो असतो. पण तो डॉक्टरांचा शब्द होता, आणि आमच्या लोकांत डॉक्टरांचा शब्द निदान म्हणून घरोघर जातो. तळ्यावर मी "ऐका" म्हटले की लोक एकमेकांकडे पाहून गालात हसू लागले. मार्च महिन्यात एका विद्यार्थ्याच्या आईने मला फोन केला. फार सभ्य बाई. म्हणाली, "काका, राग मानू नका, पण तुम्हाला उच्चार नीट ऐकू येतात ना? म्हणजे, तुम्हाला काही इशू आहे असं कळलं." मी म्हटले, येतात. पुढच्या रविवारपासून तो विद्यार्थी आला नाही. मे महिन्यापर्यंत आणखी दोघे गेले. ज्या एका इंद्रियावर माझी सारी विद्या उभी होती, त्याच्यावर त्या माणसाने हसत हसत रेघ ओढली होती.

मी नित्यनेमाने जप करतो. त्या उन्हाळ्यात माळेचा मणी सरकत असे, ओठांवर नाम असे, आणि मनात डॉक्टरांना सुनवायची वाक्ये तयार होत. एकशे आठ मण्यांत पुष्कळ वाक्ये बसतात. मी माळ थांबवली नाही आणि वाक्येही थांबवली नाहीत.

गणपतीत डॉक्टरांकडे आरतीला जाणे चुकवता आले नाही. प्रसाद घेऊन बसलो होतो. डॉक्टर खुर्चीत, आणि त्यांच्या नेमके डोक्यावर छताला धुराची सूचना देणारा तो पांढरा डबा. त्याची बॅटरी संपत आली होती. मिनिटाला एकदा तो कर्कश, उंच आवाजात चिरकत होता. अमेरिकेत ज्याचे घर आहे त्याला तो आवाज ठाऊक आहे. दोन मिनिटे सहन करणे कठीण. डॉक्टर मात्र निवांत मोदक खात होते.

त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरातून आल्या. "मेलं ते सकाळपासून ओरडतंय. ह्यांना म्हटलं बॅटरी बदला, तर म्हणतात, कुठे ओरडतंय?"

"कुठे ओरडतंय?" डॉक्टरांनी मोदकातून मान वर करून विचारले.

वयानुसार प्रथम उंच, बारीक आवाज जातात, हे पक्षी पाहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत असते. होला ऐकू येतो, घुबड ऐकू येते. केसासारखा सूर असलेला क्रीपर हरवतो. क्षणात मला सगळे उलगडले. त्या सकाळी पक्षी होता, आणि डॉक्टरांना तो ऐकू आला नव्हता. आपल्या बहिरेपणाचे निदान त्यांनी माझ्या नावावर लिहून टाकले होते. गणपतीसमोर बसून मला आनंद झाला. त्यात करुणेचा अंश नव्हता, आणि आता आठवून तो घालण्याचा प्रयत्नही मी करणार नाही.

तेव्हाच बोलून टाकता आले असते. पण मला ते चार भिंतींत नको होते. मिसळीच्या पंगतीत झाले होते, तेथेच व्हायला हवे होते. मी चार महिने थांबलो.

या वर्षी एक जानेवारीला पहाटे तळ्यावर पोहोचलो तेव्हा पाण्यावरून वाफ निघत होती. शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी सोडून बनवलेले ते तळे. त्यावर चांदवे आणि बदके निःशंक पोहतात. दरवर्षीप्रमाणे मी ओंजळीत पाणी घेऊन संकल्प केला. येथील पुरोहित संकल्पात या भूमीचा उच्चार क्रौंचद्वीप असा करतात. पक्ष्याचे नाव असलेल्या भूमीवर उभे राहून पक्ष्यांची वही उघडण्यात मला नेहमी धन्यता वाटत आली आहे. 'जे पाहीन तेच लिहीन, जे ऐकेन तेच सांगेन,' असे म्हणून पाणी सोडले. पहिला पक्षी होला मिळाला. वहीत लिहिला.

तासाभराने डॉक्टर त्याच कॉटनवूडखाली आले. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. झाड अगदी गप्प होते. वाराही नव्हता. मी एकदम बोट वर केले आणि कुजबुजलो, "क्रीपर! ऐकलात?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत एक घाई दिसली, परीक्षेत शेजाऱ्याच्या पानाकडे पाहणाऱ्याची. "हो, हो. ऐकला. सुंदर!" ते म्हणाले आणि खिशातून वही काढली.

संकल्प घेऊन तास तरी झाला होता की नव्हता, ते मी घड्याळात पाहिले नाही. आयुष्यात इतक्या समजून-उमजून मी कधी असत्य बोललो नव्हतो. तरीही मी ते परत घेतले नाही.

दुपारी त्या मुलीच्या अंगणात संत्र्याच्या झाडाखाली टेबले मांडली होती. डॉक्टरांच्या पत्नी मिसळ वाढत होत्या. डॉक्टरांचे वाचन आले. "आणि आता ऐका. ब्राउन क्रीपर, आवाजावरून!"

"वॉव, डॉक्टरकाका! साक्षी?"

"शास्त्रीबुवा होते ना. त्यांनीच दाखवला. गेल्या वर्षीची भरपाई झाली म्हणा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी हात मांडीवरच ठेवला.

"मी साक्ष देत नाही."

"म्हणजे? काका, तुम्ही नाही ऐकला?"

"कोणीच नाही ऐकला. पक्षी नव्हताच."

डॉक्टर हसले. "अहो, तुम्हीच तर म्हणालात!"

"म्हणालो. खोटे म्हणालो. पण तुम्ही ऐकलात ना, डॉक्टर? सुंदर होता, म्हणालात." उन्हाळाभर माळेवर घोटलेली सगळी वाक्ये गळून गेली, उरले ते त्यांचेच. "रागावू नका. आपल्या वयात कानात शिट्ट्या वाजतात. टिनिटस म्हणतात त्याला. औषध नाही."

कोणीतरी हसू लागले आणि मध्येच थांबले. डॉक्टरांचा हात कानाकडे गेला, तेथपर्यंत पोहोचला नाही, टेबलावर परत आला. त्यांच्या पत्नींनी पळी पातेल्यात ठेवली.

"भावजी," त्या म्हणाल्या, "मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. फक्त ह्यांना नाही."

"मलाही आहे," डॉक्टर म्हणाले. हे त्या बाईंना नवीन होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

मग डॉक्टरांनी पेन्सिल उचलून स्वतःच आपल्या क्रीपरवर रेघ मारली. त्या मुलीला म्हणाले, "गेल्या वर्षीची यादी काढ. ह्यांचा पक्षी परत लिही. मला ऐकू आला नव्हता. नव्हताच, असं म्हणायचा मला काय अधिकार होता? आणि हे ग्रुपवर टाक. ह्यांच्या रविवारच्या मुलांच्या घरीही जाऊ दे."

मला जे हवे होते ते सारे एका श्वासात मिळाले. तीन मुलांच्या आया मला आठवल्या, आणि ऊर भरून आला. सूड गोड लागतो हे मी साठ वर्षांच्या स्वाध्यायानंतर सांगतो आहे. मिसळ निवली होती, तरी मी ती चवीने खाल्ली.

तेवढ्यात ती मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. "काका, एक प्रॉब्लेम आहे. कोणी खोटा आवाज कॉल केला तर त्याचे वर्षभराचे ऐकलेले पक्षी कॅन्सल. मीच केलेला रुल आहे. पण तुमच्या बाबतीत... आपण इग्नोर करू या का?"

"नको," मी म्हणालो. "रुल इज रुल."

म्हणून या वर्षी माझ्या वहीत ऐकलेला एकही पक्षी नाही. अधू डोळ्यांनी जे दिसेल तेवढेच. संकल्प मोडल्याचे प्रायश्चित्त मी निराळे घेतलेच, पण देवांनी ही शिक्षा अधिक अचूक मोजून दिली असे मला वाटते. पहाटे तळे शेकडो गळ्यांनी बोलते, आणि मी वही मिटून ऐकतो.

दोन विद्यार्थी परत आले. तिसरा आला नाही; त्याने आता गिटार धरली आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका सकाळी मी तळ्यावर एकटा होतो. थोड्या वेळाने डॉक्टर आले. दोन्ही कानांमागे राखाडी यंत्रे. त्या दुपारनंतर आम्ही बोललोच नव्हतो. ते दहा पावलांवर थांबले. आणि कॉटनवूडमधून तो केसासारखा सूर आला, एकदा, मग पुन्हा. या वेळी खरा. डॉक्टरांचा चेहरा वर गेला. तोंड किंचित उघडे राहिले. किती वर्षांनी ऐकत होते, कोणास ठाऊक. मग त्यांनी आजूबाजूला पाहिले. माझ्याखेरीज तेथे कोणी नव्हते.

"शास्त्रीबुवा," त्यांनी विचारले, "साक्षी?"

हात खाली ठेवणे माझ्या अधिकारात होते. त्यांनी तसेच केले होते. मी मोजून तीन श्वास त्यांना ताटकळत ठेवले, आणि त्या तीन श्वासांची मला अजून लाज वाटत नाही. मग हात वर केला, कारण पक्षी होता. त्यांनी वहीत नाव लिहिले. मी माझी उघडली नाही. चहा विचारला त्यांनी. मी नको म्हटले आणि तळ्याच्या दुसऱ्या काठाला निघून गेलो.

वाचकहो, ज्या देवांनी पक्ष्यांना वाहन केले ते तुमचे आणि तुमच्या घरच्यांचे कान अखेरपर्यंत शाबूत ठेवोत. तुमच्या अंगणातल्या झाडावर बारीक सुराचा पाहुणा उतरो, तो ऐकायला तुमच्याजवळ खरे बोलणारे माणूस असो, आणि तुमच्या शब्दावर रेघ ओढण्याची वेळ कोणावरही न येवो. तुमच्या घरात शांती नांदो.