बिननावाची पार्सलं

बोटीवरचा माणूस सुट्टीवर आला की त्याने आणलेलं सामान दोन दिवसांत वाटून संपतं. किस्से मात्र संपत नाहीत. आमच्या मांडवीच्या कट्ट्यावर तर ते इतके साठलेत की एकाने तोंड उघडलं की दुसरा म्हणतो, "थांब रे, त्याच्या आधीचा सांग!" आणि त्यातले निम्मेअधिक ख्रिसमसच्या गिफ्टांचे. आता रत्नागिरीत, आंबा मोहरायच्या दिवसांत, ख्रिसमसच्या गिफ्टांचं काय काम, असं तुम्ही विचाराल. त्याला कारण आमचा गजा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कट्ट्यावर आम्ही चौघं, सगळे विशी-पंचविशीतले. मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून. फ्रान्सिस गॅरेजमध्ये मेकॅनिक. राजिवड्याचा इब्राहिम परदेशी जाणाऱ्या बोटीवर इंजिनरूममध्ये. आणि मांडवीचा गजानन, म्हणजे गजा, तसल्याच दुसऱ्या एका बोटीवर स्टुअर्ड, म्हणजे जेवणखाण वाढणारा. नऊ महिने बोट, तीन महिने घर. दोघांची सुट्टी नेमकी जानेवारीत लागायची. म्हणजे ख्रिसमस बोटीवर आणि संक्रांत घरी!

डिसेंबरात बोट थंड मुलखातल्या बंदरात असली की तिथल्या चर्चच्या बायका खलाशांसाठी पार्सलं घेऊन यायच्या. रंगीत कागद, वर रिबन. आत लोकरी टोपी, मोजे, साबण असलं काहीबाही. जात, धर्म काही विचारायच्या नाहीत. बोटीवर जेवढी डोकी, तेवढी पार्सलं.

* * *

पहिल्या वर्षी गजाला मिळाली लोकरीची लाल टोपी, मफलर आणि हातमोजे.

आता मांडवीत थंडी म्हणजे काय? पहाटे पंखा थोडा कमी करायचा, एवढीच. पण गजा भर दुपारी ते सगळं अंगावर चढवून कट्ट्यावर हजर. घामाच्या धारा लागलेल्या. मच्छी विकून घरी निघालेल्या शेवंतीआजीने डोक्यावरची टोपली उतरवली आणि त्याच्या गालाला हात लावून बघितला.

"गजा, ताप भरला काय रे बाबा? मग उन्हात कशाला फिरतोस?"

"ताप नाय गो आजी. गिफ्ट हाय!"

आजी मान हलवत गेली. गजाचा चेहरा टोपीपेक्षा लाल झाला होता. शेवटी फ्रान्सिसला राहवेना. "अरे, काढ ती टोपी. चक्कर येऊन पडशील!"

गजा म्हणाला, "काढली तर लोकांना दिसणार कशी?"

* * *

गजाचं हे गिफ्ट दाखवणं पुढे पुढे इतकं वाढलं की तो लांबून दिसला की लोक वाट बदलायचे. एकदा मी त्याला सरळ विचारलं, "गजा, तू एवढं जग फिरतोस. स्वतःच्या पैशाने घड्याळं घेतोस, टेपरेकॉर्डर आणतोस. ते कधी दाखवत नाहीस. मग या मोज्यांचं काय एवढं कौतुक?"

गजाचे वडील तो शाळेत असतानाच गेले. घरात हाच थोरला. बहिणीला घड्याळ, भावाला बूट, आईला साडी, मामाला ट्रान्झिस्टर, सगळं आणणार हाच. त्याच्यासाठी कुणी काही आणायचं असतं हे घरात कुणाच्या डोक्यातच नव्हतं. गजाच्याही नव्हतं.

"ती चर्चची म्हातारी आली ना पार्सल घेऊन," गजा सांगायला लागला, "माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, हे तुझं. मी मागे वळून बघितलं रे. म्हटलं, दुसऱ्या कुणाला म्हणते की काय!"

त्या दिवशी मी ठरवलं, गजाने ती टोपी कितीही वेळा दाखवू दे, आपण बघायची. आठवडाभर पाळलंसुद्धा!

* * *

सगळ्यात जास्त जळायचा तो फ्रान्सिस. कट्ट्यावर खरा ख्रिश्चन तो एकटाच. पहाटे उठून चर्चला जाणार, घराला कंदील लावणार, गल्लीभर करंज्या वाटणार. आणि दर ख्रिसमसला त्याची आई त्याला काय द्यायची? बनियन!

गजा आणि इब्राहिम आपापली गिफ्टं कट्ट्यावर मांडून बसले की फ्रान्सिस पाय आपटत म्हणायचा, "हा कुठला न्याय? सण माझा, पहाटे चर्चला मी जायचं, आणि गिफ्टं तुम्हाला!"

इब्राहिम शांतपणे म्हणायचा, "तू पण ईदला ये की. शीरखुर्मा देतो."

"तो मी दर वर्षी खातोच!"

* * *

दुसऱ्या वर्षी पार्सलात निघाले दाढीचे ब्रश. अख्ख्या बोटीला तेच. जुने खलाशी म्हणाले, आमच्याकडे आहेत, आम्हाला नकोत. गजाला ते टाकवेनात. गिफ्ट कुणी टाकतं का? त्याने सगळे गोळा केले आणि पिशवी भरून घरी आणले.

घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाची तयारी चाललेली. काकींना, म्हणजे गजाच्या आईला, वाण काय लुटायचं याची काळजी. बाकीच्या बायका प्लास्टिकच्या डब्या वाटत होत्या. तेवढ्यात काकींना ती पिशवी दिसली. पांढरे, मऊसूत, छोट्या दांड्याचे ब्रश. काकांना जाऊन बरीच वर्षं झालेली, ते जुन्या पद्धतीने न्हाव्याकडेच दाढी करायचे, त्यामुळे या घराने असला ब्रश बघितलेलाच नव्हता. आणि गजा? त्याला अजून धड दाढी येत नव्हती!

शेजारच्या वहिनींना पुढे करून काकींनी सगळे ब्रश वाणात देऊन टाकले. "फॉरेनचे आहेत हो. देव पुसायला."

बायका खूश! महिनाभर घराघरांतले देव नुसते चमकत होते. ज्यांच्याकडे घरीच दाढी करणारे पुरुष होते त्यांना कळलं होतं, पण वाण परत कसं करायचं? मग एकीने शोध लावला की घावणाच्या तव्याला तेल लावायला हा ब्रश फार छान. झालं, सगळ्यांनी तेच सुरू केलं.

एकदा गजा आणि मी त्या वहिनींकडे घावणं खात होतो. जाळीदार, लुसलुशीत. मी म्हटलं, "वहिनी, तव्याला चिकटत कसं नाही हो?"

वहिनींनी तेलाच्या वाटीतला ब्रश वर काढून दाखवला. "ह्या गजाच्या आईची कृपा."

गजाने हातातलं घावण खाली ठेवलं, ब्रशकडे नीट बघितलं, आणि अभिमानाने मला म्हणाला, "बघितलंस? गिफ्ट कधी वाया जात नाय!"

* * *

इब्राहिमला एका वर्षी चित्राचे तुकडे जोडायचा खेळ मिळाला. भलामोठा खोका. वर चित्र बर्फातल्या गावाचं. आकाश पांढरं, जमीन पांढरी, छपरं पांढरी. म्हणजे सगळे तुकडे पांढरेच!

इब्राहिमने घरात चटईवर तो मांडला. आधी एकटा बसायचा. मग भाऊ बसले. मग चाचा, मग शेजारी. मासेमारी करून आलेली माणसं जाळी वाळत घालून थेट इब्राहिमकडे. हातात एकेक पांढरा तुकडा घेऊन तासन् तास वाद. "हा छपराचा आहे." "छपराचा नाही, वाटेचा आहे!" ज्यांनी उभ्या आयुष्यात बर्फ बघितला नव्हता ते बर्फावरून हमरीतुमरीवर येत होते.

घरच्यांनी तेवढे दिवस ओट्यावर बसून जेवणं केली. शेवटी सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी चित्र पूर्ण झालं. राजिवड्यातली माणसं बघायला लोटली. इब्राहिमने आम्हालाही बोलावून नेलं. छाती फुगवून सगळ्यांना दाखवलं.

त्याची अम्मी आतून आली. चित्राकडे बघून म्हणाली, "झालं ना? आता मोडा. जेवायला बसायचंय."

"अम्मी! अख्खी सुट्टी गेली यात!"

अम्मी म्हणाली, "मग काय झालं? आता तुला येतं की. परत लाव!"

* * *

फ्रान्सिसची जळफळ गजाच्या मनाला लागली होती. पुढच्या जानेवारीत तो आला तो पार्सल तसंच घेऊन. कागद शाबूत, रिबन शाबूत. बोटीवर सगळ्यांनी आपापली पार्सलं फोडली, याने फोडलं नव्हतं. गजाने पार्सल फोडलं नाही, म्हणजे मनाला किती आवर घातला असेल, हे फक्त आम्हालाच कळेल.

कट्ट्यावर त्याने ते फ्रान्सिसच्या हातात दिलं. त्या म्हातारीसारखंच म्हणाला, "हे तुझं."

फ्रान्सिसचे हात ग्रीसने काळे. त्याने आधी ते पँटला पुसले. मग रिबन हळूच सोडली, कागद फाटू न देता उघडला.

आत बनियन! तेही दोन नंबर मोठं!

* * *

आता शेवटचा किस्सा. हा सांगितला की आमच्याकडे बाकी काही सांगत नाहीत.

गजाचं लग्न जमत नव्हतं. मुलगा चांगला, पगार चांगला, पण बोटीवरचा म्हटलं की लोक नको म्हणायचे. तीन ठिकाणांहून नकार आले होते. एका घरी तर गजाने पोहे खाता खाता मोजे काढून दाखवले, तिथलं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. गजा वरवर हसायचा, पण आतून खचला होता. एकदा मला म्हणाला, "घरी परत यायला कुणीतरी वाट बघणारं लागतं रे. आई आहे, पण आई माझ्या बॅगेचीपण वाट बघते."

हातखंब्याच्या पुढच्या एका गावातलं स्थळ आलं. मुलगी नंदा, बालवाडीत शिकवायची. वडील शाळामास्तर, करडा माणूस. त्यांची थोरली मुलगी मुंबईवाल्याला दिलेली. जावई मुंबईत, मुलगी गावात. नवऱ्याची भेट गणपती आणि शिमग्याला. त्यामुळे मास्तर आधीच बिथरलेले. केवळ मध्यस्थाच्या शब्दाखातर त्यांनी आम्हाला घरी येऊ दिलं होतं.

काकींनी गजाला बजावलं, "आज ते तुझं प्रदर्शन नको. गप बसायचं." काकी आणि मामा एसटीने गेले. मी आणि गजा फ्रान्सिसच्या गॅरेजमधल्या स्कूटरवरून. तिथे पोचल्यावर बघतो तर हा गिफ्टांची पिशवी घेऊन आलेला! मी त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि स्कूटरच्या हुकाला अडकवून ठेवली. पण गजाच्या खिशात त्या वर्षीचं ग्रीटिंग कार्ड होतं, हे मला ठाऊक नव्हतं. उघडलं की वाजणारं.

पडवीत बसलो. पोहे आले. नंदा येऊन खुर्चीच्या कडेवर बसली. मास्तरांनी पहिलाच प्रश्न घातला.

"वर्षातले नऊ महिने तुम्ही पाण्यावर. तेवढे दिवस आमच्या मुलीने काय करायचं?"

गजाने वाकून पोह्यांची बशी खाली ठेवली. मामा खाकरले. काकींनी पदर सारखा केला.

आणि गजाच्या खिशातून टिंग टिंग टिंग करत कसलीशी इंग्लिश चाल सुरू झाली!

रस्त्याच्या खड्ड्यांनी कार्ड दुमडलं होतं, गजा वाकला तसं ते खिशातच उघडलं. गजाने खिशावर हात दाबला. चाल चालूच. कार्ड बाहेर काढून मिटलं, तरी चालूच. घाबरून मांडीखाली घेतलं, तर तिथूनही टिंग टिंग. काकींनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. हेही स्थळ गेलं.

"काय आहे ते?" मास्तर म्हणाले.

गजाने मांडीखालून कार्ड काढून समोर ठेवलं. "ख्रिसमसचं कार्ड. बोटीवर गिफ्ट मिळालं."

"कोणी दिलं?" हा प्रश्न मास्तरांचा नव्हता. नंदाने विचारला होता.

"ते माहीत नाय," गजा म्हणाला. "पार्सलवर नाव नसतं."

"कोणी दिलं ते माहीत नाही, आणि तुम्ही ते खिशात घेऊन फिरता?"

"हो."

कार्ड वाजतच होतं. नंदाने ते उचललं, उघडून बघितलं, बोटाने दुमड सरळ केली. आवाज थांबला. तिने कार्ड परत दिलं नाही, हातातच धरून ठेवलं. मग गजाकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"आणखी काय काय मिळालं?"

इतक्या वर्षांत हे गजाला कोणीही विचारलं नव्हतं. सांगतो त्याआधीच आम्ही सगळे पळायचो. गजाने एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग अगदी हळू आवाजात म्हणाला,

"पिशवी बाहेर स्कूटरला लावलीय. आणू?"

गजा अर्धवट उठला होता. मास्तरांनी नंदाच्या हातातल्या कार्डाकडे बघितलं, गजाला हाताने खाली बसवलं, उठून चपला पायात सरकवल्या.

"तुम्ही बसा," ते म्हणाले. "मी आणतो."