नरसम्माबाईंचं आकाश

मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा असेन, तर नरसम्माबाईंचा. पण त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळस आली होती. ब्रशला टोक आणण्यासाठी त्या तो ओठांत धरून ओढायच्या, रंग कुठलाही असो. तास संपेपर्यंत ओठ निळे-तपकिरी झालेले असत. चहाचा कप आणि ब्रश धुण्याचं भांडं शेजारी शेजारी. एकदा ब्रश चहात बुडाला. बाईंनी तो झटकला आणि चहा पिऊन टाकला. त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही.

बाईंचा चित्रकलेचा वर्ग रविवारी सकाळी भरायचा, सोलापुरात, बंद पडलेल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या माडीवर. आम्ही पाच जण, सगळे चाळिशी ओलांडलेले. मी मंगळवेढ्याकडच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर, सरकारी कचेरीत लिपिक. बाईंनी तीस वर्षं विणकरांसाठी चादरींच्या नक्षीचे चौकोन कागदावर रंगवले होते. शिक्षण तेलुगू शाळेत चौथीपर्यंत. जलरंग त्या आपल्या आपणच शिकल्या. मला त्या ‘क्लार्कसाहेब’ म्हणायच्या. त्यात मान किती आणि चेष्टा किती, ते कधी कळलं नाही.

बाईंनाही आमच्या चित्रांची किळस यायची, आणि ती त्या लपवत नसत. ओला रंग कुणी घोटत बसलं की नाक मुरडायच्या. “शी. चित्र हाय का आमटी? पाणी काम करायलंय की, तुमी कशाला मधी मधी?” निवृत्त कंपाउंडर शिंदेकाकांनी एकदा ढग काढायला पांढऱ्या रंगाची ट्यूब आणली. बाईंनी ती दोन बोटांत मेलेल्या पालीसारखी उचलून खिडकीत ठेवली. “पांढरं कागदातच हाय, काका. तेवढं सोडा, आपसूक मिळतंय.”

मला आकाश जमत नव्हतं. तीन कागद नासले. चौथा बाईंनी ओढून घेतला, सगळा ओला केला, वर निळा सोडला आणि कागदाखालची फळी हळूच कलती केली. आमच्याकडचं चैत्रातलं आकाश उतरलं, कडेला धुरळा असलेलं. “आता हात लावायचा न्हाय,” त्या म्हणाल्या. “वाळताना बघा नुसतं.” आयुष्यात एखादी गोष्ट इतका वेळ मी कधी पाहिली नव्हती. वाळल्यावर खाली मी दोन बाभळी आणि बांध काढला. मग कोपऱ्यात सही केली.

त्याच माडीवर वर्गाचं प्रदर्शन ठरलं तेव्हा बाई म्हणाल्या, ते चित्र शिकायला होतं, टांगायला नव्हे. मी टांगलं. आमच्या कचेरीचे साहेब येणार होते.

साहेब त्याच चित्रासमोर थांबले. आकाश कसं जमलं, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सराव. मघाशी कुणाचं तरी पाण्याचं भांडं कलंडलं होतं आणि बाई तिथेच खाली बसून फडक्यानं फरशी पुसत होत्या. पदर खोचलेला, ओठ रंगलेले.

“या कोण?” साहेबांनी विचारलं.

“मावशी आहेत,” मी म्हणालो. “इथलं आवरतात.”

बाईंचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी फडकं बादलीत पिळलं. साहेब गेल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, “साहेबांना चहा दिला का न्हाय?”

साहेबांनी चित्र मागून घेतलं आणि आपल्या खोलीत लावलं. फाइल घेऊन गेलो की समोर तेच. माझी सही. तोंडात कडू पाणी यायचं. ज्या बाईंच्या ओठांची मला किळस होती, त्यांनी त्या ओठांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं. आता मला माझ्याच तोंडाची किळस येऊ लागली. दात घासूनही जाईना. तीन रविवार मी वर्गाला गेलो नाही. चौथ्या आठवड्यात साहेबांकडे गेलो, आणि परत येऊन पत्र लिहिलं. बाईंना मराठी वाचता येत नाही. त्यांना आलेली पत्रं शिंदेकाका वाचून दाखवतात, भर वर्गात, खणखणीत आवाजात. हे मला माहीत होतं.

ती. नरसम्माबाईंना सा. न.

आकाश तुमचं आहे, हे मी आज साहेबांना सांगितलं. फरशी पुसणाऱ्या बाई माझ्या गुरू आहेत, हेही सांगितलं. साहेबांनी चित्र काढून माझ्या हातात दिलं. ते शिंदेकाकांच्या घरी ठेवलं आहे, तुमच्याकडे पोचेल. तुम्ही परत वर्गात घ्याल की नाही, हे विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारतो.

साहेब म्हणाले, मग तेव्हाच का नाही बोललात? मला उत्तर देता आलं नाही. ते तुम्हाला देतो. काकांनी एवढं सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचावं. बाई, मला तुमची लाज वाटली.

आपला विद्यार्थी,
दत्ता