मेल्लगा, मामा

हात छातीसमोर आडवा धरायचा आणि तळवा सावकाश खाली आणायचा, उतू जाणारं दूध हातानंच खाली बसवायचं असावं तसा. मग तोंडानं म्हणायचं, "मेल्लगा." तेलुगूत मेल्लगा म्हणजे हळू. पण मामा हे इतक्या मोठ्यानं सांगायचे, की शेजारच्या खोलीत आयांच्या मांडीवर झोपलेली बाळं दचकून उठायची आणि एकामागून एक गळा काढायची.

सोलापूरच्या पूर्व भागात तुम्ही राहिला असाल, तर असा आवाज तुमच्याही ओळखीचा असेल. यंत्रमागाच्या खटखटीत जन्म काढलेल्या माणसाचा तो आवाज. कारखान्यात शेजारच्या मागावरच्या माणसाला काही सांगायचं तर हातानं खुणा करायच्या, नाहीतर त्याच्या कानाशी जाऊन ओरडायचं. तिथं माणसं ओठ वाचायला शिकतात, आणि कान हळूहळू कामातून जातात.

त्याच भागात, एका सभागृहाच्या माडीवर मुलांसाठी आणि पालकांसाठी आमचं केंद्र होतं. सकाळी लहान बाळांच्या आया यायच्या, दुपारी शाळेतली मुलं अभ्यासाला. मोठ्या मुलामुलींचा एक गट होता, आणि कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी पालकांची बैठक. पालकांची म्हणायची एवढंच. आया सगळ्या यायच्या, बाप एकही नाही. कुणाला झोप हवी असायची, कुणाला चहाची टपरी. मी वैतागून ती बैठक बंद करायच्या बेतात होते.

अशात एक दिवस हे म्हातारबुवा, पुढे आम्हा सगळ्यांचे मामा झालेले, जिना चढून आले. अंगात स्वच्छ बंडी, खांद्यावर टॉवेल. दारातूनच ओरडले, "हितं पोरांशी बोलायला शिकवत्यात म्हनं?"

"शिकवतो की. तुमचं मूल केवढं आहे?"

"त्येला बी एक पोरगी हाय. शाळंत जाती."

आम्ही सगळ्या हसलो. ते हसले नाहीत. भिंतीला टेकून बसले आणि टॉवेलची घडी घालत राहिले.

त्यांची गोष्ट नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळली. एकुलता मुलगा शिकायला म्हणून पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. आईला, बहिणीला फोन करायचा, बापाला नाही. आई वारली तेव्हा दिवसांना आला. शेवटच्या दिवशी मामांनी त्याला काहीतरी विचारलं, आणि तो सगळ्या भावकीसमोर म्हणाला, "जन्मभर माझ्यावर ओरडत आलात. आज तरी नका." बहिणीनं मामांना ते खुणांनी समजावलं. तोवर आपण ओरडतो हेच त्यांना माहीत नव्हतं.

"मी त्येला कवा रागवलोच न्हाई, मॅडम," ते मला म्हणाले. "कामावरनं आलो की इचारायचो, जेवलास का. त्येला वाटायचं, बाप मारायला आला."

एवढंच त्यांना हवं होतं. पोराशी एकदा हळू बोलायचं.

मग आमचा अभ्यास सुरू झाला. मी समोर बसायची. त्यांचा आवाज चढला की मी हाताचा तळवा खाली आणायची. ती खूण माझीच, पुढे ती त्यांनी पळवली. कानाचं यंत्र त्यांना एका शिबिरात मिळालं होतं, पण त्यात नुसती शिट्टी वाजते म्हणून ते डब्यात पडून होतं. त्यामुळे आपला आवाज केवढा येतो हे त्यांना कळायचं कसं? त्यांनीच उपाय काढला. "मला माझं ऐकू आलं न्हाई, की समजायचं बराबर बोललो." जगात कुणी असं बोलायला शिकलं असेल असं मला वाटत नाही. ते बोलायचे आणि मी त्यांच्या ओठांकडे बघायची. बघता बघता मलाही ओठ वाचता यायला लागले.

बाप मंडळींना बैठकीला आणलं तेही यांनीच. पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या दारात उभे राहून ओळखीच्या माणसाचा दंड धरायचे. "घरात माग हाय का रं? मग वरडतोस कशाला? चल वर." दंड सोडवून घ्यायची कुणाची टाप नव्हती. मग दाढीमिशावाले बापे ओळीनं बसायचे आणि मामा त्यांच्याकडून एकच वाक्य घोटून घ्यायचे. जेवलास का. जेवलीस का. मेल्लगा. अख्खी खोली पाढे म्हटल्यासारखी पुटपुटायची. मोठ्या गटातल्या त्यांच्याच पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. एकदा एकीच्या बापानं ते वाक्य खरोखरच हळू म्हटलं, आणि हसता हसता ती पोर रडायला लागली. बाप घाबरून मामांकडे बघू लागला. मामा म्हणाले, "रडू दे. जमलं तुला."

त्यांना स्वतःला मात्र जमलं असं कधी वाटलं नाही. मी म्हणायची, "मामा, आता करा की फोन. मी लावून देते."

"फोनवर त्येचे ओठ कुटं दिसत्यात?"

"मग पुण्याला जाऊन या."

"अजून न्हाई. अजून मधीच वर जातो आवाज. एकदाच बोलायचं हाय, तर नीट बोलू की." माझं डोकं फिरायचं. माणसानं तयारी तरी किती करावी? गड्ड्याच्या जत्रेला बोलावतो म्हणाले, जत्रा होऊन गेली. नातीला सुट्टी लागली की म्हणाले, सुट्टीही गेली.

मग त्यांचा खोकला वाढला. सुताचा भुगा वर्षानुवर्षं छातीत साठलेला. दवाखान्यात ठेवलं, पण डॉक्टरांनी फार काही सांगितलं नाही. मुलीनं भावाला कळवलं. तो आला, तेव्हा मी खाटेजवळच होते. बापासारखाच उंच, कपाळही तेच. पायाशी उभा राहिला, जवळ यावं की नाही अशा विचारात.

मामांनी डोळे उघडले. त्याला ओळखलं. ओठ हलले.

त्याला काहीच ऐकू गेलं नाही. पुढे होऊन तो वाकला. "नायना," बापाला तो तसं म्हणत असे, "जरा मोठ्यानं बोला."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. आजवर मी तळवा खालीच आणला होता. त्या दिवशी पहिल्यांदा वर नेला. वर, मामा, अजून वर. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. चादरीवरचा हात जेमतेम उचलून खाली आणला, आणि पुन्हा तेच बोलले. आवाज नव्हताच.

थोड्या वेळानं मुलगा बाहेर माझ्यापाशी आला. "तुम्हाला कळलं का, काय म्हणाले?"

"जेवलास का, म्हणाले."

त्यानं वळून खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "हे तर ते रोजच विचारायचे." आणि तिथंच जिन्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत, मटकन खाली बसला.

मामा दुसऱ्या दिवशी गेले.

बैठक अजून भरते. बाप मंडळी आपणहून येतात, हळू बोलतात. मामा गेल्यानंतरच्या पहिल्या बैठकीला शेजारच्या खोलीतलं एकही बाळ दचकलं नाही. सगळी शांत झोपली होती. आम्ही सगळे त्या भिंतीकडे कान लावून बसलो होतो, आणि कुणीतरी रडावं असं मला फार वाटत होतं.