भाडं उतरेपर्यंत

विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या ताईंचा सल्ला गिऱ्हाइकांना तोंडपाठ होता: दीड-दोन महिने आधी काढा, सुट्ट्यांची गर्दी टाळा, आठवड्याच्या मधल्या वारी निघा.

स्वतःची आई आजारी पडली तेव्हाही त्यांनी तोच हिशेब धरला. "भाडं जरा उतरू दे, मग निघतेच," असं त्या फोनवर म्हणाल्या. भाडं उतरलं, पण तोवर आई गेली होती. माहेरच्या विमानाचं भाडं उतरलं की त्यांचा मोबाइल अजूनही वाजतो. ती सूचना बंद करायला त्यांचं मन धजत नाही. वाटतं, आईच बोलावतेय.

काल नेहमीचा एक तरुण आला.

"ताई, बाबा दवाखान्यात आहेत. तसे बरे आहेत म्हणा. पुढच्या आठवड्यात स्वस्त मिळेल ना?"

"मिळेल," म्हणत ताईंनी त्याच दिवसाचं तिकीट काढायला घेतलं.

"अहो, हे दुप्पट आहे! तुम्हीच तर थांबायला सांगता!"

"फिरायला जाणाऱ्यांना सांगते."

"स्वस्तातली तिकिटं मिळतात म्हणून तुमच्याकडे येतो, आणि तुम्ही मलाच कापताय!"

"कापतेय. संध्याकाळी बाबांच्या उशाशी बसून मला खुशाल शिव्या घाला."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळखपत्र पुढे केलं.